दोन्या ताताची तोकाया

आरोयो मान्सो गावात गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या निम्म्याअधिक मुलींची नावं दोन्या ताताने, म्हणजे ताताबाईने, सुचवली, आणि तिचं स्वतःचं नाव मात्र एकीच्याही वाट्याला आलं नाही. गाव कृतघ्न आहे, असं ताता म्हणायची. गाव म्हणायचं, आधी तिचं नाव ऐका आणि मग बोला.

नाव होतं आंगुस्तियास. म्हणजे क्लेश. तेही एखाददुसरा नव्हे, ढीगभर. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी ज्या संताचं नाव असेल ते पोराला चिकटवायचं, एवढीच तिच्या बापाची अक्कल, आणि ही जन्मली ती नेमकी क्लेशांच्या माउलीच्या दिवशी. "आईने एक दिवस कळ सोसली असती तर सिप्रियाना झाले असते," असं ती सत्तरी उलटल्यावरही बोटं मोडत सांगायची. लहानपणीच सगळ्यांनी तिला ताता म्हणायला सुरुवात केली म्हणून निभावलं. खरं नाव उरलं ते ओळखपत्रावर आणि दवाखान्यात. नर्स दारात येऊन "आंगुस्तियास!" असं ओरडली की बाकावरचा एखादा म्हातारा हमखास म्हणायचा, "आम्हा सगळ्यांनाच आहेत गं बाई, म्हणून तर इथे बसलोय."

ताताचं सलोन चर्चच्या मागच्या गल्लीत. दोन आरसे, तीन खुर्च्या आणि केस वाळवायची एक टोपी, जी फक्त वीज असेल तेव्हाच चालायची. बाळंतपणाआधी केस सेट करून घेतल्याशिवाय तिथली बाई दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यामुळे पोटुशी बाई ताताच्या हाती अलगद सापडायची. डोक्यात मोठमोठे रोलर घट्ट बसले की बाईला पळून जाता येत नाही. मग ताता कंगव्यांच्या खणातून प्लास्टिकचं वेष्टण घातलेली वही काढायची. बंदरातल्या बोटींवर रंगवलेली, टीव्हीवरच्या तुर्की मालिकांतली, कुणाच्या परदेशी सुनेची, अशी जगभरातली नावं तिने त्यात टिपून ठेवली होती. अर्थही लिहिलेले होते, पण अर्धेच. उरलेला अर्धा ती समोरच्या बाईचं तोंड बघून जागच्या जागी तयार करायची.

"इरिना म्हणजे ग्रीक भाषेत शांती," ती सांगायची. इथवर खरं. मग रोलर आवळता आवळता पुढे, "सासू धाकट्या लेकाकडे राहायला गेली की घरात येते ना, ती." नाईमा म्हणजे अरबीत सुखी, समाधानी, "नवरा बाहेरगावी असताना." आयलिन म्हणजे तुर्कीत चंद्राभोवतीचं खळं, "आणि त्या खळ्यात कुणाला पाऊल टाकू न देणारी." त्या आयलिनने पुढे ठरलेली दोन लग्नं मोडली. गावाने ताताला बोल लावला नाही. उलट, बाईचे अर्थ खरे होतात असं म्हणून गर्दी वाढली.

एवढा मान मिळूनही तिच्या जिवाला एक गोष्ट डाचत होती. एकाच नावाच्या दोघी तिथे एकमेकींना 'तोकाया' म्हणतात. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं जरा स्वस्त, पण जास्त गोड. रोज सकाळी गल्लीतल्या तीन आल्ताग्रासिया पाव आणायला निघत आणि "काय गं तोकाया!" "ये गं तोकाया!" असा गिल्ला करत सलोनसमोरून जात. ताता दारात केस झाडत उभी असायची आणि तिला त्या तिघींचा मनापासून हेवा वाटायचा. मरायच्या आधी एकदा तरी आपणही रस्त्यावरून अशी हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. सून योकास्ता तिच्याच सलोनमध्ये काम करायची. कळा सुरू असताना योकास्ताने देवाशपथ कबूल केलं, की मुलगी झाली तर आंगुस्तियास. बाप्तिस्म्याच्या दिवशी मात्र तिने पाद्र्याच्या कानात हळूच "नाईमा" सांगितलं.

"निदान मधलं नाव तरी ठेवायचंस!" ताता भडकली.

"आई, लग्न काय फक्त पहिल्या नावाचं होतं?" योकास्ता म्हणाली. "पत्रिकेवर मधलंही छापतात."

ताताची खरी अडचण ही, की ग्रीक, अरबी, जपानी नावांच्या बाबतीत तिला हवं ते सांगता येई. पण 'आंगुस्तियास' कळायला कोश लागत नव्हता. गावातलं शेंबडं पोरही ते जाणून होतं.

आणि मग आली असेफी. हैतीची, मोटारसायकलवर भाडी मारणाऱ्या ब्राउलियोची बायको. गावात येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. बाजारात ऐकून ऐकून बोलण्यापुरती भाषा आली होती, पण सगळे शब्द कळत नव्हते. आठवा महिना लागला होता आणि मुलगी आहे हे कळलं होतं.

ताताने वही उघडली. "युकी. जपानीत बर्फ."

"बर्फ मासळीवर टाकतात," असेफी म्हणाली.

अशी बारा नावं तिने उडवून लावली. मग आरशातून बघत विचारलं, "तुमचं खरं नाव काय हो? ताता तर आमच्या शेजारणीच्या कोंबडीचंही आहे."

ताताने घसा खाकरला. "आंगुस्तियास."

"आं-गुस-ति-यास." असेफीने ते तोंडात घोळवलं. "किती छान वाजतं! अर्थ काय?"

बाकीच्या बायकांनी रोलरसकट माना वळवल्या. योकास्ताने सासूकडे बघत डोळा मारला, की आई, हीच वेळ. चाळीस वर्षं ताताने या प्रश्नासाठी एक थाप घोकून ठेवली होती: पहाटेचा पहिला वारा. ती अगदी जिभेवर आली. पण घाबरून, नुसता वेळ काढायला, तिने उलट विचारलं, "आधी तुझ्या नावाचा अर्थ सांग."

"पुरे मुली," असेफी म्हणाली.

"काय?"

"माझ्या नावाचा अर्थ. पुरे झाल्या मुली. मी पाचवी ना. बापाने वैतागून ठेवलं."

ताताच्या जिभेवरचा पहाटेचा वारा तिथेच पडला. या पोरीशी खोटं बोलायला तिचं मन धजेना. तिला स्वतःचीच लाज वाटली. "क्लेश," ती म्हणाली. "माझ्या नावाचा अर्थ क्लेश. ढीगभर. तू दुसरं बघ, बाळ."

असेफी एवढी हसली, की दोन रोलर सुटून खाली घरंगळले. "आणि पुढे?"

"पुढे काय?"

"सगळा बाजार सांगतो, दोन्या ताता अर्धा अर्थ वहीतला सांगते, अर्धा पदरचा. मग क्लेश झाले, पुढचा अर्धा कुठाय?"

गावभर अर्थ वाटत फिरलेल्या बाईला आपल्या नावाला पुढचं शेपूट जोडायचं कधी सुचलंच नव्हतं. तिने असेफीच्या तोंडाकडे बघितलं. रोलर उचलला, केस गुंडाळले आणि आवळून सांगितलं, "क्लेश. 'पुरे मुली' म्हणणाऱ्याला."

"हेच!" असेफीने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "लिहा वहीत."

संध्याकाळी ब्राउलियो तणतणत आला. "माझ्या पोरीचं नाव क्लेश? लोक काय म्हणतील?"

"अर्धंच ऐकून आलायस," योकास्ता म्हणाली. "बस. आई, सांगा याला पुढचं."

बाप्तिस्मा झाला. ताता धर्ममाता म्हणून पहिल्या रांगेत उभी राहिली, आणि पाद्र्याने नाव दोनदा विचारून घेतलं. पुढच्याच आठवड्यात असेफी पोरीला घेऊन सलोनमध्ये बसलेली असताना हैतीहून तिच्या बापाचा फोन आला. तिने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. म्हातारा त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?" ताताने विचारलं.

"म्हणतोय, अरेरे, परत मुलगीच?"

तेवढ्यात कुशीतल्या आंगुस्तियासने फोनवर असा टाहो फोडला की आरसे थरथरले. ती थांबेचना. पलीकडून "अगं, अगं" ऐकू आलं, मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज, आणि फोन बंद झाला.

ताताने खण उघडून वही काढली आणि आपल्या नावापुढे बरोबरची खूण केली. मग तान्हीला उचललं, दारात नेलं, भर सकाळच्या उन्हात तिचं लालबुंद तोंड गल्लीकडे केलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "तोकाया!"

पाव घेऊन परतणाऱ्या तिन्ही आल्ताग्रासिया सवयीने वळल्या.

"तुम्हाला नाही गं," ताता म्हणाली. "आमचं आमचं चाललंय."