रक्तवाल्या बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की ओसरीवर टेकायच्या नाहीत, थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. फळीवरचे डबे उघडायच्या, तवा उचलून उलटा करून बघायच्या, कालवण कशात शिजवता, दूध कशात तापवता, असं विचारत सुटायच्या. घरातल्या बायका आधी गोऱ्यामोऱ्या व्हायच्या आणि मग चिडायच्या. आमच्या निरवांगीत एका म्हातारीनं तर तोंडावर विचारलं, "तुमी डाक्टरीण हाय का झडती घ्यायला आलाय?" "दोन्ही," असं म्हणून बाईंनी पुढचा डबा उघडला. माणूस दवाखान्यात आला की निम्मं खोटं बोलतो, डबे तसं करत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

बारामतीत त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. यकृताचे आजार आणि यकृतात साठणारं लोखंड हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पाठीशी कुठली संस्था नाही, हाताखाली माणूस नाही. स्कूटरवर थर्मास बांधायचा, थर्मासात बर्फ, बर्फात रक्ताच्या नळ्या, आणि कालव्याच्या कडेकडेनं गावोगाव फिरायचं. इंदापूर तालुक्यात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना रक्तवाल्या बाई म्हणायचे, आणि ते काही प्रेमानं म्हणत नव्हते.

माझी त्यांची गाठ पडली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी कळंबजवळच्या एका शाळेत प्राथमिक शिक्षक होतो. चाळिशी नुकतीच उलटली होती आणि फळ्यावर लिहिता लिहिता हात गळून यायचा. बोटांचे सांधे दुखायचे, कातडी राखेसारखी काळपट झाली होती. पुढे पायांवर सूज आली, डोळे पिवळे पडले. ज्या डॉक्टरकडे जावं तो पोट दाबून बघायचा आणि विचारायचा, "किती घेता?" घेता का, असं कुणी विचारतच नव्हतं.

आमच्या घरात हा प्रश्न म्हणजे शिवी होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ऐन तारुण्यात धम्मदीक्षा घेतलेली. रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हटल्याशिवाय ते भाकरीला हात लावत नसत, आणि पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. अशा माणसासमोर एका डॉक्टरनं सांगून टाकलं, "गुरुजींना सोडायला सांगा, नाहीतर वर्षाच्या आत आटोपेल." त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी जेवायला बसलो की ते आपलं ताट उचलून गोठ्यात जायचे. वस्तीत कुणी विचारलं तर म्हणायचे, "मास्तर बाटलीला लागलाय." मी मरायला तयार होतो, पण दारुडा म्हणून मरायला तयार नव्हतो. एवढी एक चीड अंगात शिल्लक होती, म्हणून बारामती गाठली.

बाईंनी बराच वेळ प्रश्न विचारले. काय खाता, पाणी कुठलं, आजोबा कशानं गेले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दारू?"

"नाही."

त्यांनी कागदावर लिहिलं, नाही. मी बघतच राहिलो.

"काय झालं?"

"लिहिलंत तुम्ही."

"तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. खोटं असेल तर पुढे उघडं पडेल."

त्यात विश्वास वगैरे काही नव्हता, तरीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना रडणं आवडायचं नाही. त्या म्हणाल्या, "ते नंतर. थकवा आला की काय करता ते सांगा." मी सांगितलं, कधी ताकदीचं इंजेक्शन घेतो, कधी लाल टॉनिक पितो. दोन्हींत लोखंड होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. "शाबास. विहिरीला पूर आला म्हणून तुम्ही वरून टँकर ओतताय."

मग बरगडीखालून सुई घालून त्यांनी माझ्या यकृताचा कणभर तुकडा काढला. त्यांचा संशय असा होता की काही माणसांचं शरीर जेवणातून गरजेपेक्षा जास्त लोखंड ओढून घेतं, ते यकृतात साठत जातं आणि यकृत निकामी करतं. हा दोष घराण्यातून येतो. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे एक तर दारू नाहीतर कावीळ, असं पुस्तकात आहे म्हणे. बाई परत आल्या त्या तणतणत. "पुस्तक लिहिणारा निरवांगीला आला होता का?"

तपासणीचा निकाल ऐकायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात तुम्हाला दारुडा कोण म्हणतं?" मी म्हटलं, वडील. "घेऊन या त्यांना." आबांना कसं नेलं ते माझं मला माहीत. बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आबांनी एक डोळा मिटला.

"निळं निळं दिसतंय."

"ते लोखंड आहे, आबा. त्याला रंग दिलाय. निरोगी माणसाचं असं दिसत नाही."

"म्हंजी ह्यानं दारू पिली न्हाय?"

बाईंनी एक हो म्हटलं असतं तर माझं सगळं फिटलं असतं. पण बाई म्हणाल्या, "ते ही काच सांगत नाही. लोखंड आहे, एवढंच ती सांगते. तुम्ही विचारलंत का त्याला कधी?"

असा संताप आला मला! एवढ्या लांबून म्हाताऱ्याला आणलं ते काय हे ऐकायला? दवाखान्यातून निघताना मी बाईंना नमस्कारसुद्धा केला नाही. एसटीत आबा खिडकीशी बसले. लासुर्णे गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच ते म्हणाले, "बाळू, तू पितूस का रं?"

"न्हाय, आबा."

"बरं," आबा म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आपलं ताट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. बाईंनी हो म्हटलं असतं तर त्यांनी बाईंवर विश्वास ठेवला असता. आता त्यांनी माझ्यावर ठेवला होता. हे कळायला मला पुढं फार दिवस लागले.

उपचार म्हणजे दर पंधरवड्याला पिशवीभर रक्त काढायचं. नवं रक्त तयार करायला शरीर साठवलेलं लोखंड वापरतं, असा त्यातला हिशेब. आमच्याकडे रक्त म्हणजे जीव. आधीच पिवळ्या पडलेल्या माणसाचं रक्त काढतात, हे ऐकून वस्तीनं बाईंना हडळीच्या रांगेत बसवलं. त्यात भर म्हणजे काही महिने झाले तरी लोखंड उतरेना. बाई एका रविवारी न सांगता निरवांगीत हजर झाल्या आणि सवयीप्रमाणे स्वयंपाकघरात शिरल्या. चुलीवर बाईंनी मना केलेली, लोखंडानं भरलेली कलेजी शिजत होती. ज्वारीच्या कणगीमागं लाल टॉनिकच्या बाटल्या निघाल्या. आबा मला रोज सकाळी डाळिंबाचा रस काढून द्यायचे आणि त्यात टॉनिक मिसळायचे. रंगाला रंग मिळायचा, मला पत्ताच नाही.

"आबा, मी काढतेय ते तुम्ही परत भरताय. मारायचंय का त्याला?"

"पोराचं रगात बाटल्या भरभरून चाललंय, बाई. बघवत न्हाय मला."

"मग बघू नका. गोठ्यात जाऊन बसा."

इतकं कठोर बोलून बाई गेल्या नाहीत मात्र. चुलीपाशी मांडी घालून दिवस कलेपर्यंत त्यांनी आबांना सगळं समजावलं, आणि बाटल्या स्वतःच्या हातानं उकिरड्यावर ओतल्या. पुढच्या वर्षभरात माझा रंग परत आला. यकृतावरचे वण राहिले, पोटावर हात ठेवला की ते अजून टणक लागतं, पण मी फळ्यापाशी पुन्हा उभा राहिलो.

आता बाईंना माझ्या भावाबहिणींचं रक्त हवं होतं. दोष घराण्यातला असेल तर आणखी कुणात दडलेला असणार. कुणीच तयार होईना. धाकटे भाऊ म्हणाले, "दादाचं झालं, आता आमचं पाहिजे का?" बहीण सुमन कळंबला दिलेली, तिशीही न गाठलेली, दोन लेकरांची आई. तिचे मालक, आमचे दाजी, तर बाईंवर कुत्रंच सोडायचे. बाई पुढच्या रविवारी कुत्र्यासाठी बिस्किटं घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या. कुत्रं शेपूट हलवायला लागलं, दाजी काही हलले नाहीत.

शेवटी एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आबा उभे राहिले. सुमन आणि दाजीही आले होते. आबांना बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "माझ्या पोराला म्या दारुडा म्हनलं. सगळ्या वस्तीत सांगितलं. त्याला इचारलं न्हाय. त्यानं पाचवं शील मोडलं न्हाय, चौथं म्या मोडलं, खोटं बोलून. आता बाई आपल्या लेकरांसाठी दारोदार फिरत्यात तर आपुन कुत्री सोडतूय." मग दाराशी थर्मास घेऊन उभ्या असलेल्या बाईंपुढं जाऊन त्यांनी बाही सरकवली. "पयलं माझं घ्या."

त्यांच्या मागं माझे भाऊ उठले. सुमन दाजींकडं न बघता उठली.

आबांचं रक्त चांगलं निघालं, भावांचंही. सुमनच्या रक्तात मात्र माझ्याचसारखं लोखंड होतं. यकृत अजून धड होतं. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, आन् रगात काढायचं?" दाजींनी विचारलं. "दुखेपर्यंत थांबायचं असेल तर मेव्हण्याच्या पोटावर हात ठेवून बघा," बाई म्हणाल्या. सुमन बारामतीला जायला लागली.

दशक सरताना बाईंनी दवाखाना बंद केला. एका कुटुंबावरून काही सिद्ध होत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी त्यांना ऐकवलं होतं. "बरोबर आहे त्यांचं," सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळत त्या मला म्हणाल्या. "अजून घरं शोधायला हवीत." आणि त्या मराठवाड्याकडं निघून गेल्या. काही वर्षांनी तिकडंच त्या वारल्याचं कळलं. मी तेव्हा शाळेत होतो. वर्गाला सुट्टी दिली आणि रिकाम्या बाकावर बसून पोटभर रडलो. बाईंना आवडलं नसतं.

माझ्यासाठी बाईंनी काय केलं ते पोटावर हात ठेवून कुणालाही कळतं. सुमनचं तसं नाही. ती आता आजी झाली आहे, अजून शेतात भांगलायला जाते, आणि ठरल्या वेळी सरकारी दवाखान्यात रक्त काढून येते. दाजी अजून कुरकुरतात, "उगाच एवढी वर्सं सुया. हिला तर कवा काय सुदीक झालं न्हाय."

"व्हय, दाजी," मी म्हणतो. "तेच केलं बाईंनी."