मधाची धार

चमच्यावरून मधाची धार कोमट पाण्यात उतरते आहे, आणि ती संपेपर्यंत मला दम निघत नाही. ताई गणित शिकवायची. एकदा असाच मध ढवळताना म्हणाली, "काही समीकरणांच्या उत्तराची रेघ मध्येच मोडते, तिला टोक येतं. मग समीकरणात थोडा चिकटपणा मिसळायचा. टोक गोलावतं. नंतर तो चिकटपणा हळूहळू काढून घ्यायचा."

"मग टोक परत येणारच ना, ताई?"

"येणार रे, वेड्या. पण टोकाची उत्तरं पुष्कळ निघतात; असं परत आलेलं, तेच खरं उत्तर."

ताईला जाऊन महिना झाला. आधी माणसांनी घर भरलेलं होतं, तेव्हा दुःख बोथट वाटायचं. आता कुणी येत नाही. मी खोल्यांतून फिरतो, पुन्हा ओट्यापाशी येतो. टोक परत आलं आहे. त्याला उत्तर म्हणायचा धीर होत नाही. धार तुटते, आणि मी पुन्हा चमचा बुडवतो.