खालच्या मोरीचं पाणी

हिपरग्याच्या तलावावर जे पाटकरी, म्हणजे पाटाला पाणी सोडणारे, चाचा होते, त्यांच्यामुळं मी सोलापुरात राहिलो. हे आधी लिहून ठेवतो. पुढं लिहिण्याच्या भरात माझंच काही मोठेपण आलं, तर वाचणाऱ्यानं ते खरं धरू नये.

मी कोकणातला. मराठी पाचवीत शाळा सुटली. विशी लागता लागता मामांनी ओळख काढून मला भवानी पेठेतल्या एका रंगाऱ्याकडं लावून दिलं. मामांचा शब्द होता, म्हणून मालकांनी ठेवून घेतलं. घर तेलंगी. आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. मालकीणबाईंना सगळे अम्मा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या हातचं चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, पहिल्या दिवशी मला तिखटानं गिळवेना, आणि आज ते आठवलं तरी भूक लागते. ओल्या सुताचा वास, गल्लीभर मागांची खटखट, अंगणात दांड्यांवर वाळणाऱ्या लाल-हिरव्या लडी. घराची आठवण आली की मी त्या लडींच्या मधे जाऊन उभा राहायचो. तिथं गार वाटायचं.

माझ्याकडं पांढऱ्या सुताचं काम होतं. लडी भट्टीत उकळायच्या, रंग उडवणाऱ्या पावडरीच्या पाण्यातून काढायच्या आणि शेवटी रात्रभर साध्या पाण्याच्या हौदात सोडायच्या. सकाळी पिळून वाळत टाकायच्या. थंडीत सगळं ठीक चाललं. उन्हाळा चढला, विहिरीनं तळ गाठला, तेव्हा मालकांनी तलावावरून बैलगाडीनं पाणी आणायला सुरुवात केली. गाडीवर घट्ट झाकणाचं मोठं पीप, काठोकाठ भरलेलं. आणि त्याच आठवड्यात माझं सूत बिघडलं.

सकाळी हौदातून लडी काढल्या तर पांढऱ्याची चहात बुडवल्यासारखी तऱ्हा. हौदाच्या तळाला तांबूस गाळ. मालकांनी लडी उन्हात धरली, माझ्याकडं पाहिलं.

"काय टाकलास रा ह्यात?"

"काही नाही मालक. पाणी आलं तसं सोडलं."

गाडीवान मधेच बोलला, "म्या आणलेलं पानी काचंवानी हाय की. तुमीच बगितलंत काल. माज्या पिपाला कशाला नाव?"

त्याचं खरं होतं. पाणी येताना स्वच्छ असायचं, तळाचा दगड दिसायचा. माझ्या हाती आल्यावर ते रात्रीतून बिघडायचं. लोखंडी बादली गंजली असेल म्हणून मी तांब्याची घागर घेतली. हौद घासला. पुन्हा तेच. मग गल्लीत हसू सुरू झालं. "कोकणातली लाल माती पायाला लावून आणलीय ह्यानं, अजून सुटतीय बघा!" मीही हसायचो आणि हळूच तळपाय बघायचो. आमच्याकडची माती लालच. मी दिवसातून किती वेळा हातपाय धूत होतो ते देवाला ठाऊक. शेवटी शेवटी मला खरंच वाटू लागलं, की माझ्या अंगातच काही असेल.

मालक म्हणाले, "अजून एक हौद बिघडला तर मामाला बोलावून घे. तू आणि तुझी वळकटी." घरी आई आणि धाकटी बहीण मामांच्या ओसरीवर राहत होत्या. मामांचा शब्द गेला असता तर ती ओसरीही गेली असती.

मी गाडीवानाबरोबर तलावावर गेलो. बांधाच्या तळाशी पाणी सोडायचं दार, त्या खालच्या मोरीतून पाणी पाटात पडत होतं, तिथंच पीप भरायचं. तिथं मोरीच्या दाराची राखण करणारे चाचा बसले होते. उंच, दाढीला मेंदी, डोळे बारीक करून बघायची सवय. मी पाण्यात हात घातला. एवढ्या उन्हात पाणी गारेगार, आणि नाकाला सडक्या अंड्यासारखा वास.

"क्या रे, काय हुडकतोस?"

मी सगळं सांगितलं. लाल मातीचंही. चाचा मोठ्यांदा हसले. मग पाटातल्या दगडांकडं बोट केलं. मोरीजवळचे दगड काळसर, आणि जरा पुढचे गंजलेल्या खिळ्यांसारखे तांबडे.

"हे दगड पन कोकनातनं आले का? बेटा, हे तळाचं पानी. ह्याला वारा लागलेला नसतो. उन्हाळ्यात इतक्या खोल जाळं टाकलं तर मासा घावत नाही. दार उघडलं की भायेर येतं, वारा खातं आणि तांबडं होतं. का होतं ते मला नक्को पुछू. मी बाटलीत बघितलंय."

त्यांनी औषधाच्या दोन बाटल्या काढल्या. दोन्ही मोरीच्या तोंडाशी बुडवून काठोकाठ भरल्या. एकीला बूच मारून वर मेण ओतलं, दुसरी उघडी ठेवली. घरी येईस्तोवर उघडीतलं पाणी गढूळलं होतं, बंद तशीच निर्मळ. मी धावत मालकांपुढं ठेवल्या.

मालक म्हणाले, "उघडीत तूच काही घातलास. मी काय शेंबडा आहे?"

दुसऱ्या दिवशी मी गाडीवानाकडून चाचांना फक्त एवढाच निरोप पाठवला, की मालकांना पटलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी गाडी आली तर पिपाशेजारी चाचा बसलेले. धुतलेला कोट, डोक्याला रुमाल. मोरी सोडून यायची त्यांना परवानगी नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

"सेठ, तुमच्या हातानं भरा," ते मालकांना म्हणाले. मालकांनी पिपात स्वतः बाटल्या बुडवल्या, स्वतः एकीला बूच मारून मेण ओतलं. अम्मांनी दोन्ही भिंतीतल्या देवळीत ठेवल्या आणि समोर पाट टाकून स्वतः बसल्या. "मी इथनं हलत नाही," त्या म्हणाल्या, "आणि हा कोकणातला जवळ फिरकला तर ह्याच्या तंगड्या मोडते."

चाचा अंगणात बसून राहिले. दुपारची नमाज त्यांनी लडींच्या सावलीत पढली. मधूनमधून उठून उत्तरेकडं, तलावाच्या बाजूला बघत. मी जेवलो नाही.

ऊन कलताना अम्मांनी हाक मारली. उघडी बाटली चहासारखी झाली होती. बंद बाटली स्वच्छ. मालकांनी ती हातात घेऊन फिरवली, उलटी केली. मग बूच काढून पाणी परातीत ओतलं आणि बसून राहिले. दिवेलागणीला परातीतही तांबूस साय धरली.

"अय्यो," अम्मा हसून म्हणाल्या, "आता परातीचेच पाय धुवा!"

मालकांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. म्हणाले, "उद्यापासून पाणी घागरीनं उंचावरून ओतायचं. दोन हौद करायचे. एकात निवळू द्यायचं, वरचं दुसऱ्यात घ्यायचं. आणि हा उभा काय राहिलाय? जेव जा." तसं केलं, आणि सूत पांढरं राहिलं.

पुढं मी रात्रशाळेत जाऊ लागलो, तेव्हा का होतं ते तिथल्या मास्तरांनी मला समजावलं. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळत नाहीत. वरच्याला वाऱ्याचा प्राणवायू मिळतो. खाली कुजणारा पालापाचोळा असेल नसेल तेवढा प्राणवायू खाऊन टाकतो. तो संपला की चिखलातलं लोखंड पाण्यात विरघळतं आणि डोळ्यांना दिसत नाही. बाहेर येऊन वारा लागला, की त्याचा गंज होऊन खाली बसतो. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली जातं, सगळा तलाव एक होतो, तेव्हा तळालाही प्राणवायू पोचतो. ऐकताना मला सगळं पटलं. तरी त्या रात्री मी सवयीनं पाय धुतलेच.

चाचा आमच्याकडं होते त्या दिवशी तलावावर पाटबंधारे खात्याच्या साहेबांची फेरी झाली होती. मोरीवरून त्यांना काढलं आणि दूरच्या कोरड्या चारीवर, लहानशा पाटावर, धाडलं. हे मला गाडीवानानं फार उशिरा सांगितलं. चाचांनी त्याला बोलू नकोस म्हणून शपथ घातली होती. आता ते वैरागला मुलीकडं असतात, डोळ्यांना कमी दिसतं. परवा भेटायला गेलो. मी त्या गोष्टीचा विषय काढला तर म्हणाले, "छोड रे. तू सांग, तुमचा समुंदर एवढा खोल, त्याच्या तळाला वारा पोचतो का?"

मी म्हणालो, "मास्तरांना विचारतो." ते हसले, "मास्तर क्या सांगतील? वास घेतला की कळतं."

आईला मी अजून सोलापूर दाखवलेलं नाही, स्वतःही धड घरी जाऊ शकलेलो नाही. पण ज्या दिवशी सुटी आणि भाडं दोन्ही जमेल, त्या दिवशी आधी वैरागला उतरेन आणि चाचांचा हात धरून त्यांना आमच्या गावच्या किनाऱ्यावर नेईन. त्यांना दिसेल तेवढं दिसेल. उरलेलं मी सांगेन. ह्यानं फेड होत नाही, मला माहीत आहे. सुरुवात तरी करीन.