दत्तूची बोटं आणि माझी सही

मित्रांनो, मी चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आज सकाळी आमच्या प्रेस मशीनवर ऑपरेटर दत्तूची दोन बोटं गेली. मशीनचा सेफ्टी सेन्सर आठ दिवसांपासून बंद होता, आणि मला ते माहीत होतं.

दुपारी मॅनेजरने अपघाताचा रिपोर्ट सहीसाठी पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, सेन्सर चालू होता, चूक ऑपरेटरची.

तो म्हणाला, "खरं लिहून कंपनी बंद पडली तर दोनशे घरं बसतील, राव. एकाचं बघायचं का सगळ्यांचं?"

मी सही केली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. दत्तू म्हणाला, "साहेब, तुमी हाय म्हणून काळजी न्हाई. तुमी खरं तेच लिहिणार."

मी होकारार्थी मान हलवली.

सही करताना माझ्या डोळ्यांपुढे दोनशे घरं नव्हती, फक्त माझंच होतं. तुम्ही काय केलं असतं?