निवेदनाची पोच

त्या वर्षी लोकसभेचा निकाल नांदेडात निम्म्या गावाला मान्य नव्हता आणि उरलेल्या निम्म्या गावाला तो फारच मान्य होता. मतमोजणीच्या दिवशी केंद्राबाहेर ढकलाढकली झाली, दगड आले, मग लाठ्या आल्या. पोलिसांनी हाताला लागेल त्याला उचललं. त्यात आमच्या गल्लीतला शिंपी होता. हरलेल्या उमेदवाराच्या वतीने तो मोजणीला बसला होता. त्याने दगड मारला नव्हता, त्याहून वाईट केलं होतं. फेरमोजणीचा अर्ज लिहून दिला होता आणि तो घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही म्हणाला होता.

तीन दिवस झाले तरी तो कुठे आहे ते कळेना. ठाण्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, “असा माणूस आमच्याकडं न्हाईच.” अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं करायचं असतं. पण जो माणूस आत आलेलाच नाही, त्याचे तास कोण मोजणार?

मी तेव्हा एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होतो. भूकंपानंतर लातूर सोडून इकडे आलो होतो. लातूरच्या निकालांची कीर्ती तोवर चहूकडे पसरली होती. पत्र्याच्या शेडमध्ये फळा टांगला की क्लास तयार होई, आणि भोकरपासूनची पोरं येऊन बसत. ‘सर लातूरचे आहेत’ ही माझी सर्वांत मोठी पदवी होती. संध्याकाळी मी नागरी हक्कांच्या एका समितीचं काम बघत असे. समितीचं नाव इतकं लांब होतं की लेटरहेडवर ते बसवल्यावर मजकुराला जागा कमी पडायची.

आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरवलं. मसुदा माझ्याकडे आला. मी तीन पानं लिहिली, त्यात पहिलं पान निव्वळ लोकशाहीवर. अध्यक्षांना, म्हणजे निवृत्त प्राचार्यांना, ते फार आवडलं. त्यांनी दोन विशेषणं वाढवली.

निवेदन देण्याची आमच्याकडे एक रीत आहे. साहेब उभे राहतात, शिष्टमंडळ त्यांच्याभोवती दाटीवाटीने जमतं, प्रत्येकजण कागदाचा एखादा कोपरा तरी धरतो आणि सगळे कागदाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. त्या दिवशी आम्ही अकराजण होतो. कागदाला कोपरे चारच, तेव्हा काहींनी दुसऱ्याच्या कोपराला हात लावून भागवलं. साहेब म्हणाले, “लक्ष घालतो.” मग फोटोग्राफर म्हणाला, आत उजेड कमी पडला, एक फोटो बाहेर पायऱ्यांवर घेऊ. बाहेर आलो, पुन्हा कागद धरला, पुन्हा हसलो. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मी त्यात डावीकडून सातवा.

ती बातमी घेऊन मी शिंप्याच्या घरी गेलो. त्याची बायको, साऱ्या गल्लीची भाभी, मशीनवर काज करत बसली होती. नवरा नसला तरी लोकांचे कपडे द्यायचेच होते. तिने फोटो नीट पाहिला.

“फोटो ब्येस हाय, सर. पोच दावा.”

“पोच?”

“दुसरी प्रत. शिक्का मारल्याली.”

पोच आम्ही घेतलीच नव्हती. मी अध्यक्षांकडे धावलो. त्यांनी शांतपणे फाईल उघडली. पोच तर नव्हतीच, पण मूळ निवेदनही आमच्याच फाईलमध्ये होतं. पायऱ्यांवरच्या फोटोसाठी जे बाहेर आणलं, ते परत आत गेलंच नव्हतं. अकरा सुशिक्षित माणसांनी साहेबांना जे दिलं, ते फक्त दर्शन होतं.

हे भाभीला सांगताना मी खाली बघत होतो. ती चिडली नाही. ती औशाकडची. भूकंपात तिचं माहेर गेलं होतं.

“आमचा बाप भिंतीखाली गेला,” ती म्हणाली. “हापिसात तीनदा लिहून दिलं. पोच न्हवती, तर म्हनले तुमचा बाप मेल्याची नोंद न्हाई. तवापासून मी शिक्क्याबिगर कागुद हातातून सोडत न्हाई.” मग तिने ती तीन पानं मागितली आणि उलटीपालटी केली. “ह्यात ह्यांचं नाव कुठं हाय?”

“तिसऱ्या पानावर.”

“तवर साहेब वाचतोय व्हय?”

मी तिथेच नवीन लिहिलं. आठ ओळी. कोण, कुठून, कधी नेला, कुणी पाहिला, आणि तो आत्ता कुठे आहे ते लेखी सांगा. विशेषण एकही नाही. अध्यक्षांनी सही केली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “हे जास्त चांगलं आहे हो.”

दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीत आवक-जावकच्या खिडकीशी मी आणि भाभी दोघंच. कारकून म्हणाला, “दिलं न्हवं का तुमी? पेपरात बी आलंय.”

“पेपर तुमच्या रजिस्टरात डकवता का, भाऊ?”

“साहेब मीटिंगला गेलेत. त्यांना येऊ द्या.”

“साहेबाला कोन बोलावलंय? शिक्का तर तुमच्याच हाताखाली हाय.”

मी राज्यघटनेवर तोंड उघडलं. “सर, तुमी जरा गप ऱ्हावा,” भाभी म्हणाली. मी राहिलो. पाठीमागे रांग वाढत होती आणि रांगेची सहानुभूती आमच्याकडे होती. कारकुनाने शिक्का मारला, क्रमांक टाकला, तारीख टाकली.

“वेळ लिवा.”

“वेळ कुनी लिवत न्हाई, बाई.”

“मग तुमी पयले.”

सव्वाअकरा, असं त्याने लिहिलं.

तो कागद काम करणार हे मला खिडकीपाशीच कळलं होतं. कचेरीतून ठाण्याला लेखी विचारणा गेली आणि त्याच संध्याकाळी शिंप्याला अटक ‘झाली’. म्हणजे कागदावर झाली. सकाळी त्याला न्यायालयात आणलं, तेव्हा पोलिसांचं म्हणणं होतं की आरोपी काल संध्याकाळी सापडला. समितीतल्या वकिलांनी काही भाषण केलं नाही. त्यांनी आमची प्रत पुढे ठेवली. काल सकाळी सव्वाअकरा वाजता सरकारी शिक्क्यासकट लिहिलेलं होतं, की हा माणूस पाच दिवसांपासून ताब्यात आहे. न्यायाधीशांनी ती दोनदा वाचली, मग शिंप्याच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं आणि डॉक्टरांकडून तपासणीचा आदेश देऊन त्याला सोडलं. आमच्या तीन पानांनी हे शंभर वर्षांत केलं नसतं.

दोन दिवसांनी क्लास सुटताना भाभी दारात दिसली. तिच्या मागे तिघीजणी होत्या. त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा अजून ठाण्यात ‘न्हाईच’ होता. भाभीने पहिल्या बाकावरची धूळ पदराने झटकली, तिघींना बसवलं आणि मला खुर्ची दाखवली.

“बसा सर. ह्या सांगत्यात, तुमी लिवा.”

मी बसलो.