ऑर्विल टीटरचे हात

आमच्या धक्क्यावरच्या फळ्यावर ऑर्विल टीटरचं नाव अकरा वेळा आहे. अकराही वेळा ते मीच रंगवलं, आणि दर वेळी ब्रश सरोवरात भिरकावून द्यावासा वाटला.

फळा माझ्या वडिलांनी लावला. वर्षातला सगळ्यात मोठा ट्राउट मासा ज्याला मिळेल त्याचं नाव तिथे लागायचं. नियम एकच होता. मासा गळाला लागताना तार ज्याच्या हातात, मासा त्याचा. हा नियम ऑर्विलच्या फार सोयीचा होता.

कारण उन्हाळ्यात ट्राउट खाली गारव्याला जातो, शंभर फूट, कधी त्याहून खोल. तिथवर पोचायला तीनशे फूट तांब्याची तार सोडायची, टोकाला ठोकून पातळ केलेला पत्र्याचा चमचा आमिष म्हणून गळासकट बांधायचा, आणि होडी हळूहळू चालवत तार हाताने ओढत राहायची. ऐकायला मोठी कला वाटते. पण वल्हवणारा जरा ढिला पडला की चमचा चिखलात, आणि जरा जोर लावला की माशांच्या डोक्यावरून वरच्या वर. मग मासा खरा कोण पकडतं? शेंबडं पोरही सांगेल. ऑर्विलला मात्र सव्वीस वर्षांत ते उमगलं नाही.

वल्ह्यांवर त्याची बायको, टीटरबाई. बारीक अंगाची, कपाळापर्यंत टोपी ओढलेली बाई. पहाटे त्या लाकूडतोड्या नवऱ्यासाठी बकव्हीटच्या पिठाची धिरडी घालायची, डबा भरायची, मग दिवसभर होडी ओढायची. हा मागच्या बाकावर पाय पसरून बसायचा, एका बोटावर तार. वर शिकवणी चालूच. "हळू गं! अगं, डावीकडे! झोपलीस काय?" ती झोपलेली नसायची. कुठे खडक आहे, कुठे उतार आहे, कुठे खाली झरा आहे, सगळं तिला पाठ होतं. आणि संध्याकाळी धक्क्यावर येऊन हा छाती फुगवून सांगायचा, "माझ्या बोटाला कळतं, खाली काय चाललंय ते."

डोंबलाचं कळतं!

तार गुंडाळायला त्याने एक चावीचं यंत्र बसवलं होतं. सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवायचा. ते ग्रामोफोनच्या पोटातलं होतं, आणि तो ग्रामोफोन टीटरबाईला तिच्या आईने लग्नात दिला होता. एक दिवस ती दुकानातून परत आली तर घरात नुसती पेटी. हे तो हसत हसत सांगायचा. मला त्याची किळस यायची, आणि मी त्याला कॉफी ओतून द्यायचो. धक्क्यावर दुकान चालवायचं असतं माणसाला.

चोपन्न सालचा सप्टेंबर. हंगामाचा शेवटचा शनिवार. पाच वाजता वजनकाटा बंद होणार होता, आणि तोवरचा मोठा मासा सतरा पौंडांचा होता. सकाळी टीटरबाई होडीत न बसता माझ्याकडे आली.

"एम्ब्री, आज तार मी धरणार आहे. लागला तर नाव माझं लावशील ना?"

"नियमच आहे तो, बाई."

"नाही, तू तोंडाने सांग."

"लावीन."

धक्क्यावर पाच-सहा जण होते. ऑर्विल मोठ्याने हसला. "तुझं नाव? फळ्यावर? अगं, खालचे मासे हसतील!"

"हसू देत. सव्वीस वर्षं ओढतेय मी. एकदा माझं नाव तिथे दिसलं पाहिजे. यापुढे खांदा चालणार नाही माझा, डॉक्टरांनी सांगितलंय. मी आजच येणार आहे, पुढच्या वर्षी नाही."

"खांदा दुखतोय तर गप वल्हव, वेळ घालवू नकोस," असं म्हणून तो मागच्या बाकावर जाऊन बसला. ती वल्ह्यांवर बसली. आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो. होडी सरोवरात घुसलेल्या टेकाडाच्या टोकापलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

पाचला वीस मिनिटं कमी असताना परत आली. तशीच. ती वल्ह्यांवर, तो मागे. होडीच्या तळाला ओल्या गोणपाटाखाली मासा. काय मासा होता! लहान पोराएवढा लांब, पोट पांढरं, पाठीवर फिकट ठिपके.

"कसा हिसका बसला म्हणून सांगू!" ऑर्विल लांबूनच ओरडायला लागला. "मी म्हटलं, खडकात अडकला चमचा. पण हे बोट फसत नाही! वीस मिनिटं झुंजलो. ही घाबरून ओरडतेय, मी शांत."

"लाव काट्याला," मी म्हटलं.

"तूच लाव."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. स्वतःच्या माशाला हा प्राणी कोणाला हात लावू देत नसे. काट्याला अडकवताना दोन-दोनदा वर-खाली करायचा, लोकांना नीट दिसावा म्हणून. आणि आज हात कोटाच्या खिशात. त्या उकाड्यात.

मी मासा अडकवला. एकोणीस पौंड सहा औंस.

"ऑर्विल, हात बाहेर काढ."

"कशाला?"

"बघायचेत."

"मी काय चोर आहे?"

"ते हात बघून सांगतो."

तांब्याची तार दिवसभर ओढली की पहिलं बोट काळंहिरवं पडतं. साबणाने दोन दिवस जात नाही. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे जवळ सरकले. शेवटी त्याने हात काढले. बोटं पावाच्या पिठासारखी स्वच्छ. तळहातांवर मात्र फोड, चांगले टरारून आलेले, दोन तर फुटलेले.

"अरे वा," मी म्हटलं, "मासा धरून फोड आले वाटतं?"

लोक खो खो हसले. तो लालबुंद झाला. "होडी माझी! तार माझी! चमचा मी ठोकलाय! तिने नुसती तार धरली होती!"

तेव्हा टीटरबाईने हात पुढे केला. तळव्यावर जुने घट्टे, आणि पहिल्या बोटावर तारेने खोल चीर पाडलेली, रक्त आणि काळिमा एकत्र सुकलेला.

"टोकापलीकडे गेल्यावर मी वल्ही आत घेतली," ती म्हणाली, "आणि मांडीवर ठेवून बसले. तासभर शिव्या घातल्या त्याने. घाल म्हटलं. चमचा चिखलात रुतला तेव्हा उठला. वल्हवता कुठे येतंय! होडी नुसती गोल गोल. मग तार माझ्या हातात, आणि मीच सांगत होते, हळू, आता जोर, आता डावीकडे. येताना म्हणाला, जागा बदल, लोक बघतील."

आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. धावत जाऊन रंग आणला, स्टुलावर चढलो. ऑर्विलला ऐकवायला मनात कितीतरी साठलं होतं, ते वरून, सगळ्यांसमोर ऐकवणार होतो. आधी साल लिहिलं. आमच्या फळ्यावर आडनाव आधी लागतं, ते लिहिलं. टीटर. मग ब्रश थांबला.

तिचं नाव मला माहीत नव्हतं.

सव्वीस वर्षं ती माझ्या धक्क्यावर येत होती. माझी बायको गेली तेव्हा आठवडाभर या बाईने मला सूप आणून दिलं होतं, भांडी घासून ठेवली होती. मी तिला टीटरबाई म्हणायचो. मी मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं, कोणीतरी ओठ हलवेल म्हणून. सगळे पुन्हा बुटांकडे बघत होते.

"का रे थांबलास?" ऑर्विल खालून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसायला लागला, फोड आलेले हात पोटाशी धरून. "माहीतच नाही तुला! मला हात दाखवायला लावतोस, आणि तुला माहीतच नाही!"

रंग मनगटावरून कोपराकडे ओघळत होता.

"लिओटा," ती म्हणाली.

मी ते लिहिलं.