बारक्या मोटरीवर महाडपर्यंत

खाड खाड करून इंजिन बंद पडलं तवा आम्ही खाडीच्या मधोमध होतो, आणि पोराचे डोळे वर चढले होते. मी पोराकडं बघू का इंजिनाकडं बघू. नुसता धूर, रॉकेलचा वास, आणि मंग एकदम गप्प. एवढं गप्प की होडीला पाणी लागतंय ते पण ऐकू यायला लागलं. पोर रडत पण नव्हतं. आदल्या दिवशी रडत होतं तेच बरं होतं.

त्याला हगवण लागलेली, चमच्यानं पाणी दिलं तरी ओकून टाकायचा. माझं पयलं पोर, नुकतंच रांगायला लागलेलं. आमच्या गावाला गाडीरस्ता नाय, डोंगर चढून महाडच्या डॉक्टरकडं जायचं तर दिवस जातो, म्हणून भावजींनी होडी काढली. भावजी म्हंजे माझे थोरले दीर. पोराचा बाप मुंबईला गिरणीत. होडीत भावजी मागं इंजिनापाशी, मी आणि सासू पार पुढच्या टोकाला.

पुढं का ते सांगते. आमच्यात थोरल्या दिरासमोर भावजय बसत नाय. बोलायचं नाय, त्यांच्या अंगावर सावली पण पडू द्यायची नाय. लग्न होऊन आले तवापासनं भावजींनी मला कधी हाक मारली नव्हती, मी कधी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. माणूस वाईट नाय. रीतच तशी.

भावजी सासूला बोलले, "भ्यायचं नाय, बारकी मोटर हाय."

ती मोटर त्यांनी मुंबईच्या गोदीतनं जुनी आणलेली. होडीच्या मागच्या फळीला डाव्या अंगाला लाकूड ठोकून त्यावर अडकवलेली, खाली पंखा, वर धरायला दांडी. मोठं इंजिन बंद पडलं तर हिनं घरी आणायचं. बसवली त्या दिवशी मी परसातनं बघत होते. शेजारचे काका बोलले, "दोन बायका केल्यास रे, एक रुसली की दुसरी." भावजी बोलले, "पयली रुसत नाय काका, झोपते." मी पण पदराआड हसले. तवा होडीत महाडला न्यायच्या भाताच्या गोणी भरलेल्या, होडी पाण्यात खोल बसलेली, त्याच मापानं त्यांनी लाकूड ठोकलं. होडी भात न्यायालाच होती, रिकामी असल तर काय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाय.

आता गोणी नव्हत्या. भावजींनी दोरी ओढली, परत ओढली, मोटर लागली आणि नुसती किंचाळत राहिली. पंखा अर्धा पाण्याच्या वर. फेस उडाला, होडी जागची हलेना. आणि ओहोटी लागलेली, पाणी आम्हाला उलटं, समुद्राच्या अंगाला बाणकोटाकडं ओढत होतं. पाणी उतरलं की महाडच्या अंगाला चिखल उघडा पडतो, मंग भरती येईपर्यंत होडी रुतून बसणार. पोराकडं तेवढा वेळ नव्हता. ते मला कोणी सांगायला नको होतं.

"आये, मागं ये. वजन मागं पायजे."

सासू सरकत मागं गेली. पंखा थोडा बुडाला, परत वर आला.

"आये, तिला पण बोलव."

"ती कशी येल तुझ्यापाशी?"

"नाय आली तर काय करल? सांग तिला."

मी सगळं ऐकत होते. माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. चौथीपर्यंत शिकले, पण पाण्याशी कधी संबंध नाय. सासू चारचौघींत बोलायची, "आमची सून ओहळ बघून पण भिते." पोराला छातीशी धरून मी गुडघ्यांवर मागं गेले, पदर दातात धरून भावजींच्या पायाशी बसले. पंखा बुडाला. होडी चालली.

पण सरळ जाईना. मोटर डाव्या अंगानं ढकलायची, होडी उजवीकडं फिरायची. मधलं सुकाणू मोकळं, ओहोटीनं इकडं तिकडं आपटत होतं. भावजींनी एका हातानं मोटर खाली दाबून धरलेली, कारण लाकूड हलायला लागलेलं, दुसऱ्या हातात मोटरीची दांडी. सुकाणूला तिसरा हात कुठनं आणणार. उजवीकडं खडक दिसत होते.

"आये, सुकाणूचा दांडा धर. सरळ ठेव."

सासूनं धरला. तिची बोटं वातानं वाकडी झालेली, एका हिसक्यात दांडा सुटला.

मंग भावजींनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, तू धर. दोन्ही हातांनी. बाळाला आयेकडं दे."

पोराच्या मुठीत माझी काळी पोत होती. एकेक बोट उघडून मी ती सोडवली. दांडा धरला. तो जितराबासारखा ओढ घ्यायचा, खांदे उखडतील असं वाटायचं, पण होडी सरळ झाली, खडक बाजूला राहिले. सासूनं ऊन लागू नये म्हणून पोरावर पदर घातला, मला त्याचं तोंड दिसेना. मधी एकदा त्यानं आवाज केला. रडणं नाय, भूक लागली की करायचा तसा, बारीक.

मी बोलले, "द्या माझ्याकडं."

भावजी बोलले, "दांडा सोडू नको गो."

मी नाय सोडला. नंतर आवाज आला नाय. मला वाटलं, निजला. बरं झालं निजला, असं पण वाटलं.

महाडची घरं दिसली, होडी काठाला लागली. भावजी उडी मारून दोर बांधायला लागले, घाईत गाठ बसेना. सासू जागची हलली नाय. बोलली, "सावकाश बांध रे. आता घाई नाय."

पोराचा बाप आला मुंबईवरनं. रडला नाय, कोणाला बोल लावला नाय. जेवताना एकदाच विचारलं, "शेवटी तुझ्याकडंच होता ना?" मी ताट उचलून आत गेले.

भावजींनी ते लाकूड काढून खाली ठोकलं, आता रिकाम्या होडीत पण पंखा बुडतो. मी पडवीत आले की ते खाकरून बाहेर जातात, पयल्यासारखं. पाणवठ्यावर एक बाई बोलते, दांडा धरलास म्हणून तिघं तरी वाचलात. दुसरी बोलते, जायचाच होता तर आईच्या कुशीत तरी गेला असता. मी कळशी भरून घेते. आता मांडीवर पोरगी हाय, तिला जरा कढत लागलं की मी तिला कोणाकडं देत नाय.

तुमच्यात पण कोणाकडं लेकरू असल. दांडा सोडला तर होडी खडकावर, धरला तर ते दुसऱ्याच्या मांडीवर, आणि डॉक्टरपर्यंत वेळेत पोचू की नाय ते कळत नाय. तुम्ही काय केलं असतं?